धूरयंत्राची डॉक्टरकी

गॅरेजवाले रजाकभाई जेवायला गेले की हत्यारं आपसांत बोलू लागत, त्या जुन्या काळातली ही गोष्ट.

तिथे एक धूरयंत्र होतं. बंद, गार इंजिनात ते नळीने धूर सोडायचं. धूर जिथून बाहेर येई, तिथे गळती. एवढ्याशा कामावर ते स्वतःला डॉक्टर म्हणवून घेई.

एका दुपारी दारात म्हातारी जीप दिसली. धूरयंत्राने आपण होऊनच तिला नळी लावली आणि धूर सोडला. पण धूर कुठूनच बाहेर येईना. पाने, पकडी टक लावून बघत होत्या. डॉक्टरांची पंचाईत झाली.

"हळू फुंक रे," त्याच्याच अंगावरचा दाबाचा काटा म्हणाला, "मी लाल पट्ट्यात आलोय!"

"तू आकडे बघ, रोगी मी बघतो," म्हणत त्याने आणखी जोर लावला.

फट्! जीपच्या इंजिनाचं रबरी सील फुटलं, धुराचा लोट उठला.

"सापडली गळती!" धूरयंत्र ओरडलं.

जीप खोकत म्हणाली, "अहो डॉक्टर, मी नुसतं तेल बदलायला आले होते."

तेव्हापासून धूरयंत्र काट्याला विचारल्याशिवाय फुंकत नाही. कुणी डॉक्टर म्हणालंच, तर स्वतःच हसून सांगतं, "मी हात लावेपर्यंत ती बाई धडधाकट होती."