दोरासमोरचं स्टूल

"म्हणजे उस्ताद, माझं काम अजून कच्चंच, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

भगीरथने विचारलं. गॅरेजच्या अंगणात दाऊद उस्ताद वाकून जीपच्या तोंडाशी बसवलेल्या विंचकडे पाहत राहिले. घसरलेल्या गाड्या ओढून वर काढायचं ते यंत्र. तारेचा जाड दोर त्याच्या रिळावर गुंडाळलेला.

भगीरथने ते पहिल्यांदाच एकट्याने बसवलं होतं. पिवळाधमक रंग दिला होता. हळदकुंकू वाहून नारळही फोडला होता. नव्या नवरीलासुद्धा कुणी इतकं नटवत नसेल.

घाटातल्या वळणावर एक ट्रक कठड्याला टेकून लोंबकळत होता. ड्रायव्हर उडी मारून वाचला होता; मालासकट ट्रक तेवढा वर काढायचा होता. उस्तादांनी हो म्हटलं, की आजपासून जीप भगीरथच्या हाती.

"विंचची बैठक कशाला धरलीय?"

"चासीला, गाडीच्या सांगाड्याला. बंपरला नाही. तेवढी अक्कल आहे मला."

"बोल्ट?"

"चारी कडक. अख्खा घाट ओढला तरी हलायची नाही."

"घाट राहू दे जागेवर," उस्ताद म्हणाले. "त्या आंब्याला पट्टा बांध. आकडा अडकव."

भगीरथने चाकांपुढे ओंडके सरकवले, बुंध्याला पट्टा गुंडाळला, दोर सोडत नेऊन आकडा लावला. परत येऊन विंचच्या वायरीचं बटण हातात घेतलं.

तेवढ्यात उस्तादांनी आपलं स्टूल ओढत आणलं. जीप आणि आंबा यांच्या मधोमध, दोराला खेटून ठेवलं, आणि विंचकडे तोंड करून बसले.

"उस्ताद, तिथं कशाला? बैठक उखडली तर..."

"तर?"

ताणलेला दोर सुटला की माणसाची काय गत होते, ते भगीरथने घाटात एकदा पाहिलं होतं.

"ओढ."

अंगठा बटणावर होता. बटण दाबवेना.

"उठा ना, उस्ताद."

"घाट ओढणार होतास. मी तर पाऊण घाटसुद्धा भरायचा नाही."

"उठा म्हणतो ना!"

उस्तादांवर तो असा कधी ओरडला नव्हता. त्यांनी खिशातून चंची काढली आणि पानाला चुना लावायला घेतला. सावकाश...

भगीरथने बटण खाली ठेवलं. हातोडी घेऊन तो जीपखाली शिरला.

उजवीकडचा खालचा बोल्ट. बैठकीचं भोक चासीच्या भोकाला जुळत नव्हतं. काल संध्याकाळी तो कंटाळला होता. बोल्ट कापून त्याने नुसतं डोकं वरून वेल्डिंगने चिकटवलं होतं, त्यावर रंग मारला होता.

एका ठोक्यात ते डोकं उडालं. फरशीवर घरंगळत उस्तादांच्या पायाशी गेलं.

त्यांनी खाली पाहिलं नाही.

मग भगीरथने सगळंच उतरवलं. बैठकीखालचा रंग खरवडला, भोक सरळ पाडलं, अख्खा बोल्ट घातला. घाटातून फोन येत राहिले. "थांबा म्हणावं," उस्ताद दर वेळी म्हणत, "ट्रक थांबलाय, तुम्हीही थांबा."

उन्हं कलली तेव्हा भगीरथ जीपखालून बाहेर आला. अंगभर ग्रीस, चेहऱ्यावर मात्र पुन्हा तेज. दोर त्याने परत आंब्याला लावला. स्टूल फडक्याने पुसलं, आणि स्वतःच्या हाताने दोरापाशी, मघाच्याच जागी नेऊन ठेवलं.

"बसा, उस्ताद. आता बिनघोर बसा!"

उस्तादांनी स्टूल उचललं. दोरापासून लांब, पार जीपच्या मागल्या अंगाला नेलं. तिथे टेकले.

भगीरथचा चेहरा उतरला.

"असं का, उस्ताद? काम खोटं होतं तेव्हा समोर बसलात. आता खरं झालं, तर..."

उस्तादांनी पानाची पिंक टाकली.

"मघाशी तू भ्याला होतास. आता दाबशील."