पाचपट राजा आणि त्याची चामखीळ

"चित्र माझ्या पाचपट मोठं हवं, हुबेहूब हवं, पण नाकावरची चामखीळ आहे तेवढीच हवी!" दरबाराच्या पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवून राजा प्रचंडसेनाने हुकूम सोडला.

पहिल्या चिताऱ्याने चामखीळ हरभऱ्याएवढीच ठेवली. राजा गरजला, "हा मी नव्हेच!" चितारी कोठडीत. दुसऱ्याने चामखीळही पाचपट केली. "नाकावर लिंबू काढतोस?" तोही कोठडीत.

मग बोलावणं आलं कातडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करणाऱ्या भानजीला. त्याची मुलगी केवडा म्हणाली, "आबा, दिवा तेवढा घ्या. मी येते बरोबर."

भर दुपारी तिने दरबाराची दारं-खिडक्या बंद करवल्या. भिंतीपासून पाच हातांवर दिवा लावला. दिव्यापासून हातभर अंतरावर राजाला बाजूने बसवलं. भिंतीवर राजाची भलीमोठी सावली उमटली!

"वा! अजून मोठी कर!" म्हणत राजा स्वतःच दिव्याकडे सरकला. सावली छताला भिडली आणि मिशीचं टोक चुर्रकन जळालं!

"महाराज, जागेवर बसा!" केवडा ओरडली. "दिव्याजवळ जाल तसं सगळंच वाढतं. नाक, मिशी, हनुवटी, सगळं एकाच पटीत! म्हणून तर चेहरा तुमचाच राहतो."

तिने कोळशाने सावलीची कड गिरवली आणि खिडक्या उघडवल्या.

"पुन्हा लिंबू!" राजा किंचाळला. "भानजी, चल कोठडीत!"

"थांबा महाराज! लिंबू पुसते, हरभरा काढते," केवडा म्हणाली. "पण मग रयतेला काय सांगू?"

"रयतेचा काय संबंध?"

"तुमची चामखीळ साऱ्या राज्याला पाठ आहे! लोक म्हणतील, चामखीळ अगदी बरोबर मापाची आहे, राजाच तेवढा फुगवलाय!"

आधी शेजारी बसलेल्या राणीसाहेबांना हसू फुटलं, मग राजाही खो खो हसत सुटला. "राहू दे लिंबू! सोडा त्या चिताऱ्यांना!"

खुशीत त्याने राणीसाहेबांच्या हातातली सोन्याची बांगडी ओढून काढली. "सोनाराला सांगा, हिच्या पाचपट मोठी बांगडी या पोरीला घडवून दे!"

"नको महाराज!" केवडा म्हणाली. "ती मी कमरेला घालू की बैलाच्या गळ्यात? याच मापाच्या पाच द्या!"

राजा पोट धरून हसला, आणि सोनाराने बांगड्या घडवताच केवडा त्या पाचही किणकिणवत आबांबरोबर घरी गेली.