रातकिडा आणि दोन दाणे

फार जुनी गोष्ट. माळावरच्या एका वारुळात साठवलेल्या ज्वारीला मोड येऊ लागले.

"कोठाराशी बसून किरकिरतो ना, त्या रातकिड्याचंच हे काम," म्हातारी मुंगी म्हणाली. "हाकला त्याला."

बाहेर सरडा टपून बसला होता. रातकिडा कोठाराच्या भिंतीला आणखी चिकटून बसला.

"आजी, तीन दिवस थांबा," ठकी नावाची मुंगी म्हणाली. तिने एक दाणा कोठाराच्या ओलसर भिंतीशी ठेवला, दुसरा कोरड्या दगडावर, आणि मधोमध रातकिड्याला बसवलं. "आता गा."

"नको गं, गप्पच बसतो. उगाच मोड यायचे."

"तू गप्प बसलास तर कळणार कसं? दोन्ही दाण्यांना सारखंच ऐकू जाऊ दे."

तो गायला, पण जीव मुठीत धरून. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळचा दाणा फुगला, तसा त्याचा आवाज कापू लागला. तिसऱ्या दिवशी त्या दाण्याला मोड फुटला. दगडावरचा मात्र होता तसाच राहिला.

म्हातारीने भिंत चाचपली. "ओल आहे खरी. लिंपून घ्या गं," ती म्हणाली. मग रातकिड्याकडे वळली. "आणि तू आपला जरा हळूच गात जा, बाबा."