तात्यांची गोड विहीर

सांडपाण्याच्या योजना आखता आखता इंजिनिअर हेमलता भोईटेंनी बावीस खेडी पालथी घातली होती. कोंढरीत काविळीने घरोघरी माणसं आजारी होती, तरी सरपंच तात्यासाहेब गटारयोजनेचा ठराव होऊ देईनात.

"आमच्या विहिरीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या गोड आहे, बाई. संडासातली घाण तिथवर पोचेलच कशी?" ते ग्रामसभेत म्हणाले. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या पत्नीला विचारून हेमलताबाईंनी त्यांच्या घरच्या संडासात निरुपद्रवी हिरवा रंग ओतला.

पुढच्या ग्रामसभेत तात्या हिरव्या पाण्याची कळशी घेऊनच आले. "माझ्या विहिरीत रंग कुणी टाकला?"

"विहिरीत तुम्हीच टाकलात, तात्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी तर तुमच्या संडासात टाकला होता."

तात्यांनी कळशी खाली ठेवली आणि ठराव स्वतःच मांडला.