आईची अर्धी भीती

डोंगर अजून निळेशार होते आणि रानातल्या झाडांना माणसांची बोली कळत होती, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत टोपल्या विणणाऱ्यांची चार घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात रुंजी नावाची चिमुरडी तिची आई आणि रांगती धाकटी बहीण ठकी यांच्याबरोबर राहायची. रुंजीचे बाबा आदल्या हिवाळ्यात तापानं गेले होते. आई बांबूच्या पिवळ्याधमक कामट्या काढून सुपं विणायची, इवल्या इवल्या परड्या विणायची, आणि त्यावर तिघींचं पोट भरायचं.

पण त्या साली रानातल्या बांबूला फुलोरा आला. बांबू फुलला की मरतो. बघता बघता हिरवीगार बेटं करड्या काड्या होऊन वाऱ्यात खडखडू लागली. विणायला काही उरलं नाही.

आईनं धीर सोडला नाही. आधी तांब्याचं घंगाळ विकलं, मग कानातली फुलं. भाकरीच्या जागी पेज आली, आणि पेज दिवसेंदिवस पातळ होत गेली. आपलं लुगडं फाडून तिनं रुंजीला परकर शिवला. मुलींना काही कळू नये म्हणून ती काम करताना गाणं गुणगुणायची. पण तांदळाच्या मडक्यात हात घातला की गाणं मध्येच थांबायचं. त्या थांबण्याची रुंजीला फार भीती वाटायची.

एका सकाळी रुंजी रानभाजी शोधायला रानात गेली. भाजी कुठेच नव्हती. तेवढ्यात करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी, पिटुकली परी होती ती. तिचे मोरपंखी पंख काट्यांत अडकले होते, आणि ती दमून गप्प झाली होती. रुंजीनं हात आत घातला. काट्यांनी हात ओरबाडला, तरी एकेक काटा बाजूला करत तिनं परीला सोडवलं.

"तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करीन," परी म्हणाली. "पण नीट ऐक. मला नवं काही घडवता येत नाही. मी एका जागचं उचलून दुसऱ्या जागी ठेवते. आणि एकदा ठेवलेलं मला परत उचलता येत नाही."

रुंजीच्या डोळ्यांपुढे घरचं मडकं होतं. बाकीचं तिच्या कानावरून गेलं.

"आमचं मडकं तांदळानं भरू दे," ती म्हणाली.

ती धावत घरी आली तेव्हा आई मडक्यापुढे बसली होती. मोत्यांसारखा शुभ्र तांदूळ काठोकाठ भरला होता.

"रुंजे, हे कुठून आलं?"

"परीनं दिलं."

"आणि परीनं कुठून आणलं?"

रुंजीला परीचं बोलणं आत्ता आठवलं: एका जागचं उचलून दुसऱ्या जागी ठेवते. इतक्यात शेजारच्या गजरामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या एकट्याच राहायच्या. "अगं, माझं मडकं रिकामं झालंय," त्या म्हणाल्या. "आता मी काय खाऊ?"

आत ठकी भुकेनं रडत होती. आईनं ठकीकडे पाहिलं, मग मडक्याकडे. आई गप्पच राहिली तर, असं रुंजीच्या मनात आलं, आणि न राहिली तर, असंही आलं. दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली.

आईनं मडकं उचलून मावशींपुढे ठेवलं. "हा तांदूळ तुमचाच आहे, मावशी. पोरीनं रानात परीपाशी मागितला. कुणाचा येईल ते तिला कळलं नाही."

मावशींनी रुंजीच्या ओरबाडलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्यातला वाटीभर तांदूळ त्यांनी मागे ठेवला. "पोरींना होईल," म्हणाल्या, आणि मडकं घेऊन गेल्या.

आई रागावली नाही. भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. रुंजीला तो बघवेना. ती पुन्हा रानात, करवंदीच्या जाळीपाशी पळाली.

"परी, माझ्या आईची भीती काढून घे."

परीचे पंख फिकट झाले. "काढून ठेवू कुठे, बाळ? ती कुणाकडे तरी जाणारच."

मावशींकडे नको. ठकी तर एवढीशी. रुंजीनं डोळे घट्ट मिटले. "माझ्याकडे दे."

पोटात काहीतरी काळं, गारठलेलं उतरलं. ठकीला ताप आला तर? छप्पर गळलं तर? वाटीभर तांदूळ संपला की पुढे काय? आईच आजारी पडली तर? एकेक प्रश्न दात काढून उभा राहिला. रुंजी कशीबशी घरी पोचली.

घरात आई मोठ्यानं गात होती. चुलीवर आधण ठेवलं होतं, आणि होता नव्हता तो सगळा तांदूळ ती त्यात ओतायला निघाली होती.

"आई, सगळा नको," रुंजी म्हणाली. "उद्याला काय उरेल?"

आईचा हात थांबला. तिनं वळून लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "हे तुझं बोलणं नव्हे, रुंजे. हे माझं आहे. तुझ्याकडे कसं आलं?"

रुंजीनं सांगितलं. आईनं वाटी खाली ठेवली, ठकीला कडेवर घेतलं आणि रुंजीचा हात धरून थेट करवंदीची जाळी गाठली.

"माझं मला परत द्या," ती परीला म्हणाली.

"ठेवलेलं मला उचलता येत नाही," परी हळूच म्हणाली. "इच्छाही संपल्या."

"मग मी उचलते." आई पाचोळ्यात बसली आणि तिनं रुंजीला मांडीवर ओढलं. "सांग मला. एकेक करून सांग."

रुंजी सांगत गेली. तापाचं, छपराचं, तांदळाचं. आई ऐकत गेली, आणि काय करता येईल, काय येणार नाही, ते खरं खरं सांगत गेली. प्रत्येक भीती सांगून झाली की तिचा अर्धा भार आईकडे जायचा. रुंजीच्या पोटातला गारठा ओसरला. अगदी नाहीसा नाही झाला, पण उभं राहता येईल एवढा झाला.

परी टक लावून बघत होती. "आजवर सगळ्यांनी माझ्याकडे वस्तू मागितल्या," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ओझं मला द्या, असं कुणी म्हणालं नव्हतं. तुम्ही दोघींनी म्हटलंत." तिच्या पंखांतून सोनेरी, जांभळे, पोपटी कण झरू लागले. "त्यामुळे आता मला नवं घडवता येतंय. हे कुणाच्याच घरचं नाही."

तिनं वाळल्या बेटाला बोट लावलं. मातीतून टपोरे, हिरवे कोंब वर आले. उजेड वाढत गेला, इतका की तिघींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. सगळ्या रानात बांबूचे कोवळे कोंब उभे होते.

आईनं पदरात थोडे कोंब खुडून घेतले.

"एवढेच?" रुंजीनं विचारलं.

"आजच्या भाजीपुरते. बाकीचे वाढू द्यायचे, म्हणजे टोपल्या होतील." आईनं पदराला गाठ मारली. मग म्हणाली, "मावशींना किती द्यायचे, आपल्याला किती ठेवायचे, तूच सांग बघू. यापुढे दोघी मिळून ठरवू."

रुंजी विचार करत आईच्या बरोबरीनं चालू लागली.