हिरवी लेक

कोकणात एक खडकाळ किनारा होता. भरतीला तिथले खडक बुडायचे, ओहोटीला उघडे पडायचे. त्या खडकांवरच्या शेवाळात एक आई आणि तिची लेक राहत होत्या. दोघी तांदळाच्या दाण्याएवढ्या किडी होत्या. पाऊस सरला की तिथे हिरवंगार शेवाळ उगवायचं. ते खाऊन दोघी इतक्या हिरव्या झाल्या होत्या, की माशांनासुद्धा दिसत नसत.

"माझं हिरवं पान ते!" आई लेकीला कुरवाळत म्हणायची.

मग थंडी पडली. हिरवं शेवाळ विरळ झालं आणि सगळीकडे तपकिरी शेवाळ वाढलं. बाकीच्या किडी ते खाऊ लागल्या. कपारीत जाऊन कात टाकायच्या आणि तपकिरी होऊन बाहेर यायच्या. लेक मात्र उरलंसुरलं हिरवंच शोधून खायची, आणि तिच्याबरोबर आईही.

"मी तपकिरी झाले तर तू मला ओळखणार कशी?" ती विचारायची.

आईला बरं वाटायचं. तिलाही हिरवीच लेक आवडत होती.

शेजारची गोगलगाय एकदा म्हणालीच, "अगो, लेक वाढवतेस की रंग सांभाळतेस?"

"तुम्हाला काय कळणार, काकू? तुमचा जन्मभर एकच शंख!" आई फणकारली.

त्याच दुपारी भरतीबरोबर एक मासा आला. तपकिरी शेवाळातला हिरवा ठिपका त्याला लांबूनच दिसला आणि त्याने झडप घातली. आईने लेकीला जोरात ढकललं, म्हणून ती वाचली. माशाच्या तोंडात नुसतं शेवाळ गेलं.

आईने लेकीला खडकाच्या आडोशाला नेलं. मग ती म्हणाली, "बाळा, आजपासून तपकिरी शेवाळ खायचं. आणि कपारीत जाऊन कात टाकायची."

"आणि तू मला ओळखलंच नाहीस तर?"

"नाही ओळखलं तर नाही. तू कुठेतरी जिवंत असशील ना, मला तेवढं पुरे."

लेक तपकिरी शेवाळ खाऊ लागली. तिला सोबत म्हणून आईही खाऊ लागली. एके दिवशी लेक कपारीत शिरली. बाहेर वाट बघता बघता आईचीही कात गळून पडली, पण काळजीत तिने स्वतःकडे पाहिलंच नाही.

काही दिवसांनी आई कपारीत डोकावली. आत नुसती हिरवी कात पडली होती. बाहेर शेकडो तपकिरी पोरी वळवळत होत्या. यातली आपली कुठली? आई एकेकीला विचारत सुटली. तेवढ्यात एक पोर घाबरीघुबरी होऊन तिच्यावर येऊन आदळली.

"मावशी, माझी आई पाहिलीत का हो? हिरवीगार आहे ती. माशाने तर नसेल ना नेलं तिला?"

तो आवाज ऐकून आई थबकली. मग तिने पहिल्यांदाच आपल्या पायांकडे पाहिलं. तेही तपकिरी झाले होते.

"मावशी कुणाला म्हणतेस गं, वेडे?" ती म्हणाली आणि तिने लेकीला घट्ट कुशीत घेतलं.

तात्पर्य एवढंच: लेकरं बदलली म्हणून परकी होत नाहीत. त्यांना वेळेवर बदलू द्यावं, आणि मधल्या काळात आपणही किती बदललो, तेही एकदा पाहावं.