कड्याने दिलेली साथ

करवंदीच्या एका दाट जाळीत तीन कलावंतांचा मुक्काम असे. सुतार पक्षी पोकळ खोडावर ठेका धरी, बेडूक गाई आणि नाकतोडा पंखावर पाय घासून इतक्या बारीक ताना काढी, की ऐकणाऱ्याने श्वाससुद्धा जपून घ्यावा. ऐकणारे होते जेमतेम अकरा. त्यांत साळिंदर सर्वांत जाणकार. निदान त्याचे स्वतःचे मत तसे होते. नाकतोड्याची मात्र एकच इच्छा होती. आपले वादन एकदा तरी साऱ्या जंगलाने ऐकावे.

त्या वर्षी हत्तिणीने कड्याखालच्या माळावर तीन दिवसांचा मेळा भरवला आणि पहिल्याच सकाळी या तिघांना बोलावले. तिघांनी आपले सर्वांत अवघड गाणे काढले. पण मुलांनो, समोर होता उभा कडा. ठेक्याचा आवाज त्यावर आपटून परत येई, तोवर सुतार पक्ष्याचे पुढचे सहा ठोके पडलेले असत. ताना एकमेकींच्या पायांत आल्या आणि सगळा नुसता कालवा झाला. शेवटच्या रांगेतले गवे खुशाल चरू लागले. नाकतोड्याला रडू फुटले.

"परवा आणखी एकदा वाजवा," हत्तीण म्हणाली. "तेव्हाही गवे चरायला लागले, तर यापुढे तुमच्या जागी कोल्हे गातील."

दुसऱ्या दिवशी तिघे सरावासाठी रिकाम्या माळावर गेले. बेडूक घसा बसेपर्यंत ओरडून गायला. कडाही तितकाच ओरडला. शेवटी सुतार पक्षी म्हणाला, "कड्याशी भांडून काय मिळणार? मी एक ठोका मारतो आणि थांबतो. दुसरा त्याला मारू दे."

"आणि माझ्या ताना?" नाकतोड्याने विचारले.

"एकच सूर धर. पण लांब धर."

हे पटायला नाकतोड्याला अख्खी दुपार लागली. मागोमाग सराव ऐकायला आलेल्या साळिंदराला तर मुळीच पटले नाही. "आता गर्दीसाठी वाजवणार म्हणा," तो नाक मुरडून म्हणाला. "संपलं तुमचं."

"काका, जाळीत तुम्ही माझ्यापासून वीतभर अंतरावर बसता," नाकतोडा म्हणाला. "शेवटच्या रांगेतला गवा कुठे बसतो, ते एकदा बघून या."

तिसऱ्या सकाळी सुतार पक्ष्याने एक ठोका मारला आणि चोच आवरली. कड्याने दुसरा दिला. पुढच्या ठोक्याला एका गव्याचा खूर आपोआप आपटला, मग साऱ्या कळपाचे खूर आपटू लागले आणि माळ हादरला. बेडकाचे चार शब्दांचे पालुपद ससे-हरणांपासून हत्तिणीपर्यंत सगळे गाऊ लागले. मग ठेका थांबला. त्या शांततेत नाकतोड्याने एक लांब सूर सोडला. तो कड्यावरून परतला, तेव्हा त्याने त्यावर दुसरा सूर चढवला. जाळीत असे कधीच जमले नसते. सारे जंगल कान टवकारून उभे होते आणि एकही तोंड गवतात नव्हते. साळिंदरसुद्धा पायाने ठेका धरून बसला होता, अर्थात कोणाचे लक्ष नाही असे पाहून.

गाणे संपल्यावर सर्वांत मागचा गवा गर्दीतून वाट काढत पुढे आला. "तो सूर कोणी लावला?" तो इकडेतिकडे पाहत म्हणाला.

"मी," गवताच्या पात्यावरून नाकतोडा म्हणाला.

गव्याने मान पार जमिनीपर्यंत खाली नेली, तेव्हा कुठे त्याला तो दिसला.

तात्पर्य : सर्वांना कळेल असे गाणे म्हणजे हलके गाणे नव्हे, दूरच्यापर्यंत पोहोचायलाही मोठी कला लागते.